वातड भाकरीचा उन्हाळा

मला समुद्र आवडत नाही. मुंबईला जाऊन आलेल्या माणसानं समुद्राबद्दल चार बरे शब्द बोललेच पाहिजेत अशी आपल्याकडं एक रीत आहे. मी ती तिथून आले त्या वर्षीही पाळली नाही, आणि आता या वयात माझ्याकडून ती पाळून घेणार तरी कोण?

आमच्या सोलापुरात वैशाखाचं ऊन चढलं की हे सगळं आठवतं. सकाळीच फरशी चटका देऊ लागते. गच्चीवर घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत होतात. लुगडं वाळत घालावं, तर एक टोक दोरीवर टाकून दुसरं झटकेपर्यंत पहिलं सुकलेलं असतं. बाहेरगावची माणसं या उन्हाला शिव्या देतात. मी देत नाही. या उन्हात काही आंबत नाही, कुजत नाही, कशाला बुरशी येत नाही, आणि माणूससुद्धा जे बोलायचं ते कोरडं ठणठणीत बोलतं. याच दिवसांत आमच्या गल्लीतून पोरी ड्रॉइंगचे बोर्ड काखेत मारून परीक्षेला निघतात. मी दारात दिसले की थांबतात. "बाई, तुम्ही ही परीक्षा कुठं दिली होती?" मुंबईला, म्हणते मी. परीक्षेचं राहतं बाजूला, त्यांचे डोळे लकाकतात. "मग समुद्र पाहिला असेल!" पाहिला, म्हणते, ओला होता. पोरी हसतात आणि उशीर होईल म्हणून पळतात.

त्यांना सांगायला बसले तर त्यांचा पेपर बुडेल. म्हणून इथं सांगते.

तेव्हा आमच्या घरात पाच माणसं होती. मोठे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. त्यांची दोन मोठी मुलं त्याच गिरणीत लागली होती. काकू लवकर वारली होती. चौथी मी; माझे आईवडील तापाच्या साथीत, मी पाळण्यात असतानाच गेले. पाचवी आत्या. ती तात्यांची थोरली बहीण. तिला मंद्रूपला दिली होती, पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि ती परत आली ती कायमची. मला तिनंच वाढवलं. घरात कुठल्याही गोष्टीत तिला कोणी विचारत नसे. शेत, पैसा, सोयरीक, कशातच तिचा शब्द नव्हता. तिचं राज्य फक्त चुलीपुढं. तिथं मात्र तात्याही तिला विचारल्याशिवाय लोण्याच्या गाडग्याला हात लावत नसत.

मला चित्रं काढायची खोड होती. त्या खोडीच्या मी दोन परीक्षाही दिल्या होत्या. एक दिवस मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या आणि तात्यांना म्हणाल्या, आम्हाला ड्रॉइंग शिकवायला बाईमाणूस हवं आहे, इंदूनं मुंबईला जाऊन मास्तरकीची परीक्षा दिली तर जागा तिची. तात्या स्वतःला सुधारक म्हणवून घ्यायचे. मोठ्या बाईंसमोर त्यांना नाही म्हणता येईना. पण त्यांनी आधीच माळशिरसच्या एका बिजवराशी बोलणं लावून ठेवलं होतं. त्याला उसाचा मळा होता, दोन बैलजोड्या होत्या, आणि माझ्याहून थोड्याच लहान अशा मुली होत्या.

"सगळे पेपर देऊन ये," तात्या मला म्हणाले. "मग बघू. पण मध्येच सोडून आलीस, तर त्याच दिवशी माळशिरसला होकार कळवतो."

मला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं. सोबतीला आत्या. तिला त्यांनी मुलांसमोरच वेगळं बजावलं. "अक्का, तिथं कोण कुठला, कळायला मार्ग नसतो. कुणाच्या हातचं खायचं नाही. खाल्लंस तर परत आल्यावर या चुलीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

"मी कशाला खातीय कुनाचं?" आत्या म्हणाली. "माजी भाकरी काय मेली हाय?"

आणि ती भाकऱ्या थापायला बसली. कडक भाकरी कशी करतात हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. शाळूच्या ज्वारीचं ताजं पीठ, चांगलं मळून, पापडासारखी पातळ भाकरी थापायची. तव्यावरून उतरली की चुलीच्या कडेला निखाऱ्याच्या धगीवर उभी करून ठेवायची, ती पार कडक होईपर्यंत. मोडली की कडाडकन आवाज आला पाहिजे. अशी भाकरी दुरडीत घालून ठेवली तर महिना महिना टिकते. बरोबर शेंगांची चटणी असली की माणसाला दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज नाही. आत्यानं एक चवड आमच्यासाठी केली आणि एक मागं राहणाऱ्या पुरुषांसाठी. आमची चवड तिनं धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधली. तवा नाही, परात नाही, पीठ नाही, एक पातेलंसुद्धा घेतलं नाही. कशाला घ्यायचं? आमच्याजवळ भाकरी होती. हे गाठोडं मांडीवर घेऊन ती तिसऱ्या वर्गाच्या बाकावर अशी ताठ बसली की तिकीट तपासणारासुद्धा तिच्याशी जपून बोलला.

कुर्डुवाडीला एक टेंभुर्णीचा व्यापारी आमच्या डब्यात चढला. मुंबई त्याच्या पायाखालची. आत्यानं गाठोडं सोडून मला भाकरी दिली तेव्हा तो म्हणाला, "आक्का, ह्ये तितं टिकायचं न्हाय बगा. मुंबईची हवा लई वंगाळ."

"तुमच्या टेंभुर्णीची नसंल टिकत," आत्या म्हणाली. "आमची टिकती की."

डब्यातली सगळी माणसं हसली. मीही हसले. मला अजूनही वाटतं की आमचं काही फार चुकलं नाही. जन्मात जी गोष्ट कधी बिघडलेली पाहिली नाही, ती बिघडेल असं माणसानं का धरून चालावं? घाट उतरायला लागलो तशी हाताला हात चिकटायला लागला. आत्यानं पदरानं मान पुसली, पुन्हा पुसली. "इंदे, कुनीतरी अंगावर वल्लं फडकं टाकल्यावानी वाटतंय गं," ती म्हणाली. खिडकीबाहेर झाडं दाट होत चालली होती आणि माझ्या मांडीवरचा ड्रॉइंगचा कागद सैल पडत चालला होता.

आम्ही उतरलो ते एका धर्मशाळेत. मोठा दगडी ओटा, त्यावर प्रत्येक बिऱ्हाडानं ट्रंका आणि वळकट्या लावून आपापला कोपरा आखून घेतलेला. फुकट राहायचं, नळावर पाणी भरायचं, आणि स्वयंपाक करायचा तो मागच्या पत्र्याच्या छपरात, आपापल्या चुलीवर. तिथं सगळं ओलं होतं. भिंती ओल्या, दोरीवरची लुगडी ओली, काड्यापेटीतल्या काड्या ओल्या, घासल्या तर नुसता गुलाचा काळा डाग उठायचा. आत्यानं लुगडं धुऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी हात लावून पाहिला. "काल पिळलं तवाबी असंच हुतं," ती म्हणाली. उकाडा आमच्या सोलापूरच्या निम्मासुद्धा नव्हता. पण आमचा उन्हाळा समोरून येऊन थोबाडीत मारतो. हा नुसता अंगाला लपेटून बसायचा आणि सुटायचाच नाही.

परीक्षेची इमारत दगडी, उंच, आणि आत पांढऱ्या प्लास्टरचे विलायती पुतळे. आत्याला आत सोडत नसत. ती फाटकाजवळच्या झाडाखाली गाठोडं घेऊन बसायची. एकदा खिडकीतून तिला ते पुतळे दिसले. संध्याकाळी मला म्हणाली, "इंदे, त्या बाप्यांना धोतरं न्हाईत व्हय गं? आन त्या पोरी तितंच बसून चित्रं काडत्यात?" मी म्हटलं, परीक्षेत ते काढावे लागतात. तिनं जरा विचार केला. "काड बाई," ती म्हणाली. "तात्याला सांगू नगंस."

परीक्षेला मुंबईच्या मुली पुष्कळ होत्या. त्यांच्याकडं विलायती कुंचले होते, रंगांच्या चकचकीत पेट्या होत्या. माझ्या पेटीचं झाकण दोऱ्यानं बांधलेलं. नावं टिपून घेणारा एक कारकून होता, आपलाच मराठी माणूस. सोलापूर हे नाव ऐकून तो म्हणाला, "घाटावरून आलात? तिकडं धुळीशिवाय दुसरा रंग असतो का हो?"

"असतो," मी म्हटलं. "तुमच्या अंगावरचं धोतर आमच्याकडचं आहे. त्याचा काठ बघा."

ते आमच्याकडचं होतं की नाही, देव जाणे. पण त्यानं खाली पाहिलं.

या 'घाटावरच्या' शब्दाचा मला पुढंही अनेकदा प्रसाद मिळाला. मोठ्या शहरांची एक गंमत आहे. तिथं गेलेल्या माणसानं आधी तोंडाचा आ करावा, मग स्वतःची लाज वाटून घ्यावी, मग हळूहळू तिथल्यासारखं व्हावं, असा तिथल्या लोकांचा हिशेब असतो. ट्राम पाहून मला बरं वाटलं, नाही असं नाही. पण पाय असताना तिच्यात कशाला बसायचं, असं आम्हा दोघींनाही वाटलं आणि आम्ही सगळीकडं चालत गेलो. गोऱ्या साहेबांच्या पुतळ्यांखालून चाललो, बंद काचांच्या दुकानांपुढून चाललो. काचेत आमची दोघींची प्रतिबिंबं दिसायची, आत्याच्या कमरेला गाठोडं आणि माझ्या काखेत बोर्ड. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही, आजही दिसत नाही.

मग भाकरीनं दगा दिला. आधी ती मोडेना. कडाडायची ती वाकायला लागली. दातानं ओढली तर तुटायची नाही, वातड झालेली. आत्यानं ती उलटसुलट करून पाहिली, वास घेतला, आणि सगळी चवड धर्मशाळेच्या गच्चीवर नेली. आमची सोलापुरी चादर अंथरून तिच्यावर एकेक भाकरी मांडली, उन्हात पुन्हा कडक करायला. काठी घेऊन स्वतः शेजारी बसली, कारण मुंबईचे कावळे. धर्मशाळेचा भय्या वर आला. "माँजी, दुकान लगाया क्या?" आत्यानं त्याला काठी दाखवली. मी परीक्षेहून परत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती, घामानं निथळत, आणि भाकऱ्या होत्या त्याहून मऊ झाल्या होत्या.

"हितलं ऊन बी वल्लंच हाय गं," ती म्हणाली. तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा जरा उतरलेला वाटला.

त्यानंतर भाकऱ्यांवर हिरवे ठिपके आले, मग ठिपक्यांना लव आली. आत्यानं बुरशी खरवडून एक तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला. मग सगळं गाठोडं स्वतःच्या हातानं नेऊन रस्त्यावरच्या एका गाईपुढं टाकलं. गाईनं हुंगलं आणि मान फिरवली. मी लहानपणापासून आत्याला रडताना पाहिली नव्हती. त्या दिवशीही ती रडली नाही, पण गाईला मात्र तिनं अशी एक शिवी दिली की मी इथं लिहू शकत नाही.

आता काय खायचं? नवा तवा-परात घ्यायची तर परतीच्या भाड्याला हात लागला असता. दोन दिवस आम्ही चटणीवर आणि केळ्यांवर काढले. आत्या चटणीही खाईना, मला पुरावी म्हणून. आमच्या शेजारच्या कोपऱ्यात कृष्णाबाई म्हणून एक कोकणातली बाई होती. नवरा बोटीवर खलाशी, त्याची बोट लागायची ती वाट बघत होती. अंगानं सडपातळ, बोलायला मोकळी. ती मागच्या छपरात रोज भात लावायची आणि बहुतेक वेळा मासळी. वास आला की आत्या नाकाला पदर लावून भिंतीकडं तोंड करायची. आमचं चाललेलं कृष्णाबाईनं पाहिलं होतं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काय गो, उपास धरलाव काय दोघींनी? थोडा भात घेवा." आत्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचा तवा आणून पुढं ठेवला, पीठ आणा आणि भाकरी करा म्हणाली. आत्यानं तव्याकडं पाहिलं. त्यावर मासळी तळलेली, हे तिला ठाऊक होतं. "नगं," ती म्हणाली.

आता पेपर एकच उरला होता, रंगकामाचा. आदल्या दिवशी दुपारी मी झाडाखाली आत्याला शोधत आले तर ती खोडाला टेकून डोळे मिटून बसलेली. हाक मारली तर चटकन डोळे उघडेनात. नळाचं पाणी तोंडावर मारलं तेव्हा सावध झाली. मी घाबरले. मी म्हटलं, आत्या, पुरे झालं हे, उद्याची गाडी पकडू आणि घरी जाऊ. माझं पोटही पाठीला लागलेलं होतं, पण ती खात नाही म्हटल्यावर माझ्या घशाखाली केळंसुद्धा उतरत नव्हतं.

"आन प्यापर?"

"राहिला तर राहिला."

"आन माळशिरस?"

मी बोर्ड काखेत मारला. ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि धर्मशाळेपर्यंत चालली. कोपऱ्यात आल्यावर मला वाटलं ती आडवी होईल. ती नळावर गेली, पाय धुतले, तोंड धुतलं आणि सरळ मागच्या छपरात जाऊन कृष्णाबाईच्या चुलीपुढं मांडी घातली.

"वाड गं बाई," ती म्हणाली. "आन हिला बी वाड. ही आदी खाईल न्हायतर मी आदी, पर आज दोगी जेवनार."

कृष्णाबाईनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "ह्यात मासळी नाय हो," तिनं सांगितलं. "सोलाचं सार हाय नि भात."

"मी इचारलं का?" आत्या म्हणाली.

खरंच, तिनं काहीच विचारलं नाही. सोलापुरात दारावर येणाऱ्या भाजीवालीचीसुद्धा जात, गाव, माहेर काढल्याशिवाय ती वांगं निवडत नसे. त्या दिवशी तिनं पान पुढं ओढलं आणि पहिला घास घेतला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिला ते कसं लागलं, तिच्या मनात काय आलं, मला कळलं नाही. एवढं मात्र कळलं की त्या घासाबरोबर ती काय टाकून देत होती, हे तिला नीट ठाऊक होतं. चुलीशिवाय त्या घरात तिच्या नावाचं दुसरं काहीच नव्हतं. मला रडू कोसळलं. "जेव की," ती माझ्यावर खेकसली. "रडतीस काय? भात निवतोय." मग दुसरा घास घेऊन कृष्णाबाईला म्हणाली, "हे सार चांगलं हाय. पर तुमचा ह्यो भात पोटात जातो का कुटं जातो? काय ऱ्हातच न्हाय की आत." कृष्णाबाई एवढी हसली की तिनं आणखी दोन डाव वाढले.

आम्ही मग रोज, परत निघेपर्यंत, तिच्याकडंच जेवलो.

दुसऱ्या दिवशी रंगाचा पेपर. समोर मांडलं होतं निळं रेशमी कापड, त्यावर पितळी तांब्या आणि दोन लिंबं. सोलापुरात रंग लावायचा म्हणजे पळापळ असते. कुंचला उचलेपर्यंत रंग वाळतो, म्हणून मी घाईनं एकाला लागून दुसरा रंग चढवायला शिकलेले. तसाच हात मारला. निळं कापड रंगवलं, लगेच लिंबांना पिवळा दिला, आणि बघते तर निळा हळूहळू पिवळ्यात शिरायला लागला. माझी पिकलेली लिंबं डोळ्यांदेखत कच्ची झाली. कागद वाळायचं नाव घेईना. आजूबाजूच्या मुली कागदाला वारा घालत शांत बसल्या होत्या, त्यांना ही हवा सवयीची. माझ्यापुढं दुसरा कागद नव्हता. मी मनात म्हटलं, कच्ची तर कच्ची, लिंबं आहेत ना? लिंबं हिरवी करून टाकली. आणि पुढं प्रत्येक रंगाच्या कडेला केसाएवढी कोऱ्या कागदाची रेघ सोडत गेले, म्हणजे एकाची ओल दुसऱ्यात जायला नको. तांब्या, कापड, सावली, सगळं आपापल्या जागी, मध्ये पांढरी रेघ. असं चित्र कुणी शिकवलेलं नव्हतं. पण बघायला वाईट दिसत नव्हतं.

तेवढ्यात परीक्षक साहेब माझ्या मागं येऊन उभा राहिला. लालबुंद तोंड, कोट, गळ्याला टाय. वाकून बघायला लागला आणि त्याच्या हनुवटीवरचा घाम माझ्या कागदावर, तांब्याच्या अगदी शेजारी, टपकन पडला. मी पदराच्या टोकानं तो थेंब टिपला आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या कारकुनाला म्हटलं, "साहेबांना सांगा, जरा लांब उभं राहा. माझा कागद भिजतोय."

कारकून पांढराफटक पडला. त्यानं काही भाषांतर केलं नाही. पण साहेबाला माझा हात आणि माझं तोंड पुरेसं होतं. तो एक पाऊल मागं सरकला, रुमालानं हनुवटी पुसली आणि लिंबांकडं बोट करून काहीतरी विचारलं. हिरवी का, असं विचारतायत, कारकून म्हणाला. मी म्हटलं, आता हिरवी आहेत. यापेक्षा जास्त काही मला सुचलं नाही आणि सुचायची गरजही वाटली नाही.

समुद्र आम्ही शेवटच्या दिवशी पाहिला, कृष्णाबाईनं ओढून नेलं म्हणून. गार वारा होता, पुष्कळ माणसं होती, कुणी गाड्यांतून आलेली, कुणी गोरी, कुणी काळी, सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी. आत्यानं क्षणभर पाहिलं. "पल्याडचा काट दिसंना," ती म्हणाली. "आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्याला तरी दिसतो." मग समुद्राकडं पाठ करून ती वाळूवर बसली आणि कृष्णाबाईला तिच्या नवऱ्याची बोट कधी लागणार ते विचारू लागली. मीही तिच्याशेजारी तशीच बसले. आमच्या अख्ख्या आयुष्यात इतकी माणसं समोरून बघायला मिळाली नव्हती. सगळ्यांच्या तोंडांवर तेच एक शहाणं कौतुक होतं. मला ते चेहरे समुद्रापेक्षा जास्त आवडले, आणि मी कागदाच्या मागच्या बाजूला दोन-चार काढूनही घेतले.

मी पास झाले, शाळेतली जागा मला मिळाली, माळशिरसच्या माणसानं दुसरीकडं लग्न केलं. हे इथंच सांगून टाकते, कारण या उन्हाळ्याचा शेवट त्यात नाही. पुढं मी पुष्कळ वर्षं पोरींना ड्रॉइंग शिकवलं आणि लिंबं दोन्ही रंगांची काढू दिली. पण वैशाख आला की मला आठवते ती आमच्या घराच्या उंबऱ्यावरची दुपार.

गाडीतून उतरलो तेव्हा सोलापूरची कोरडी झळ तोंडावर आली आणि आत्यानं छाती भरून श्वास घेतला. रस्त्यात मी तिला सांगत होते. मुंबईत कोणी पाहिलंय? कृष्णाबाई काही इथं येणार नाही. तात्यांनी विचारलं तर म्हणायचं, भाकरी पुरली. ती हुं हुं करत चालली होती. मला वाटलं, कबूल झाली. तिची चूल वाचली म्हणून मला फार हायसं वाटलं.

घरी तात्या पुढच्या सोप्यात बसलेले. मुलं नुकतीच गिरणीतून आलेली. दुरडीतल्या भाकऱ्या संपल्या होत्या, हे त्यांच्या तोंडांवरूनच दिसत होतं. तात्यांनी मला पेपर सगळे दिलेस का ते विचारलं. मी हो म्हटलं. मग ते आत्याकडं वळले. "अक्का, भाकरी पुरली ना?"

मी मागून तिचा पदर ओढला.

"न्हाय पुरली," आत्या म्हणाली. "नासली. मंग दुसरीच्या हातचं खाल्लं. रोज खाल्लं."

"कुणाच्या?"

"खलाशाची बायकू हुती. लई ग्वाड बाई."

तात्यांचं तोंड आधी उतरलं, मग कठीण झालं. मला वाटतं, त्यांना ते बोलायचं नव्हतं. पण मुलांसमोर दिलेला शब्द होता आणि माणसं आपल्याच शब्दाच्या जाळ्यात कशी अडकतात हे मी तेव्हा पाहिलं. "मी जाताना सांगितलं होतं," ते म्हणाले. "आता या चुलीला हात लावायचा नाही."

मी रडायच्या बेतात होते. आत्यानं हातातली वळकटी खाली ठेवली.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. मग ती सोप्यातल्या बाजेवर गेली, जिच्यावर आजवर फक्त पुरुष बसायचे, आणि पाय लांब करून बसली. तिचे ते तळवे, भेगाळलेले, आमच्या सगळ्यांच्या समोर. तिला तशी बसलेली आम्ही कुणीच कधी पाहिलेली नव्हती. तिनं एक जांभई दिली. मुलांनी बापाकडं पाहिलं. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चुलीकडं वळणार तेवढ्यात आत्या म्हणाली, "तू बस इंदे. तू बी त्याच चुलीवरचं खाल्लंस की."

ऊन कलायला लागलं. धाकटा दोनदा पाणी प्यायला. थोरला बाहेर जाऊन परत आला. शेवटी तात्या उठले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि आत गेले. आतून धूर यायला लागला, मग खोकला. परातीवर हात आपटल्याचा आवाज यायचा आणि थांबायचा. "पानी जरा कडत घे की," आत्यानं बाजेवरूनच सांगितलं. "पीठ तुटतंय तुजं."

बऱ्याच वेळानं तात्या बाहेर आले. कोपरापर्यंत पीठ, डोळे लाल, ताटात एक भाकरी. ती गोल नव्हती, एका बाजूनं करपलेली आणि मधोमध फाटलेली. त्यांनी ताट कुणापुढं ठेवावं हे त्यांना कळेना. आत्यानं हात पुढं केला आणि ताट घेतलं. करपलेला भाग काढला नाही. तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला, आणि भावाकडं बघून म्हणाली,

"खाल्ली बग. तुज्या हातची बी खाल्ली."